पोथीला हुंकार

बसा, लाइट गेली म्हणून उठू नका. आमच्या जवळा बाजार गावात संध्याकाळची लाइट अशी जातेच, आणि चहा होईपर्यंत येतेही. तोवर हा दिवा पुरे आहे. तुम्ही मघाशी विचारलंत, वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमिनीवर दोन पाट का मांडून ठेवलेत. सांगते. फक्त अगदी गप्प बसू नका. सांगणाऱ्याला हुंकार लागतो.

मी इथली ग्रंथपाल. लहानपणी आमच्या घरात कुणी भुताचं नाव काढलं, की वडील म्हणायचे, "सरिता, दिवा घे आणि बघून ये." मी जायची. बहुतेक वेळा मांजर असायचं. त्यामुळे अंधाराशी माझं तसं बरं जमतं.

गेल्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, केशरबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई लाल बासनात बांधलेली पोथी घेऊन आल्या. त्यांचं जुनं गाव पूर्णेच्या काठी होतं. सिद्धेश्वरचं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. त्या गावातल्याच कुणीतरी रचलेली ही पोथी, नदीची आणि गावाची कथा. कधी छापली गेली नाही, दुसरी प्रत नाही. केशरबाईंचे वडील ग्यानोबा दर चैत्रात ती गावाला वाचून दाखवायचे.

मी पानं सोडवून बघितली. आधीची ठीक होती, पण शेवटच्या पानांना कधीतरी ओल लागलेली. ती एकमेकांना घट्ट चिकटून त्यांची वडी झाली होती.

"मावशी, ही ओढली तर फाटतील," मी म्हणाले.

"मंग नको वढू." त्यांनी पानांवरून हलकेच बोट फिरवलं. "पर पोरी, शेवट मला ठावा न्हाई. बाप वाचायचा, म्या हुंकारा द्यायची. हुंकारा थांबला का बाप बी थांबायचा. पर दरसाल शेवटाला मला झोप लागायची. मंग माय बसायची हुंकाऱ्याला. बाप म्हनायचा, ऐकशील पुढच्या साली. मंग पानी आलं."

"आणि वडील?"

"नव्या गावात त्यांनी पोथी उघडलीच न्हाई. त्याच साली गेले." त्यांनी बासनाची घडी केली. "मरायच्या आधी तेवढं कानावर पडावं, बाकी काई न्हाई."

मला भरून आलं. पण मी रडणारी नाही, मी कामाला लागणारी आहे. वाचनालय म्हणजे काही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचं गोदाम नव्हे. बुडालेलं गाव कुठंतरी राहायला आलं पाहिजे ना? इथं जागा आहे, कपाटाला कुलूप आहे, वाळवीवर माझी नजर आहे. मी सांगितलं, "मावशी, शेवट तुम्हाला ऐकवणार. पुढच्या बाजारी या."

बोलून बसले आणि मग घोर लागला. अशी पानं सोडवणाऱ्या जाणकाराला फोन केला. तो म्हणाला, पाठवा, पण आशा धरू नका.

पुढचा बाजार आला. भर दुपारची वेळ. बाजार उरकून केशरबाई येणार होत्या. मी मागच्या खोलीत पोथी मांडली. उन्हानं शाई उडते म्हणून खिडक्या लावल्या, दार ओढून घेतलं. फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि एकेक पान बघून त्याची हालत बोलत गेले. चिकटलेल्या पानांपाशी आले आणि लाइट गेली.

पंखा थांबला. त्यात नवल नाही. पण बाहेर मिरच्यावाला ओरडत होता, तोही शब्द अर्धा टाकून थांबला. एवढा भरलेला बाजार, आणि साधी सायकलची घंटीसुद्धा नाही... मग वास आला. नदीतला गाळ उपसल्यावर येतो तसा, गार आणि शेवाळलेला. आमच्याकडं मे महिन्यात हंड्याच्या तळाला ओल सापडत नाही.

आणि कुणीतरी वाचू लागलं.

आवाज खालून येत होता, मांडी घालून बसलेल्या माणसाचा. म्हातारा, घोगरा, पण सुरात. एक ओवी झाली आणि आवाज थांबला. विसरल्यासारखा नव्हे, वाट बघितल्यासारखा.

घाबरले का? घाबरले. दार हाताशी होतं. पण जी ओवी मी ऐकली ती उघड्या पानांत नव्हती. उघडी पानं मला पाठ झाली होती. म्हणजे हा शेवट होता. दार उघडलं तर तो पुन्हा पाण्यात जाणार. वडील म्हणाले असते, बघून ये. मी म्हणाले, "हं..."

आवाज पुढं निघाला. दर ओवीला तो थांबे, मी हुंकार देई. शेवटी नदी गावाला म्हणते, मी नेलेलं मोडत नाही, जपून ठेवते. कुणी विचारलं की परत देते. मी शेवटचा हुंकार दिला. पंखा फिरला. बाहेर मिरच्यावाल्यानं आपला शब्द पुरा केला.

पानं तशीच चिकटलेली होती. माझ्या समोरची फरशी मात्र ओली होती, एक माणूस बसेल एवढीच.

केशरबाई आल्या. मी काही न सांगता रेकॉर्डिंग लावून फोन त्यांच्या हातात दिला. पहिल्याच ओवीला त्यांनी डोळे मिटले. "बापाचा आवाज हाय," त्या हळूच म्हणाल्या.

पण मी दचकले वेगळ्याच गोष्टीनं. माझे हुंकार त्यात नव्हते. एकही नव्हता. प्रत्येक ओवीनंतर एका लहान पोरीचा आवाज येत होता. झोपाळलेला, तरी नेटानं टिकून राहिलेला. मध्येच वाचणारा थांबला आणि त्यानं विचारलं, "केशर, झोपली का गं?"

"न्हाई आबा," फोनमधली पोरगी म्हणाली. "जागी हाय."

केशरबाई पदर तोंडाला लावून रडल्या. पोटभर रडल्या, मग चहा प्यायल्या आणि हसून म्हणाल्या, "ऐकला बाई शेवट." तो शेवट मी उतरवून घेतला. त्याच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत. नदी आली तरी हरकत नाही.

तेव्हापासून ते दोन पाट मांडलेले असतात. आलेल्या वाचकाला बसायला जागा द्यावी, एवढी रीत आम्ही पाळतो.

माझे हुंकार कुठं गेले, ते मात्र मला कळलं नाही. आज तुम्ही मघापासून छान हुंकार देताय म्हणून सांगायला बरं वाटलं.

काय म्हणता? तुम्ही नाही दिला?

थांबा, बोलू नका... मागच्या खोलीतून येतोय. दिवा जरा इकडं करा, मी बघून येते.

तुम्ही असे माझ्याकडं काय बघताय? हो, ओळखला मीही. आवाज माझाच आहे.