दिवा लावला की वाढणारं पेट्रोल

अपेक्षाच्या थोरल्या बहिणीला, दीपमालाताईला, मुलगी झाली ते २०२३ साल. घरात पाळणा टांगला आणि त्याच आठवड्यात नानासोंच्या फुप्फुसाचा रिपोर्ट आला. पेढे वाटले गेले, पण आटपाडीच्या त्या घरात ते कुणाला गोड लागले नाहीत.

आणि आता दिवाळीची सुट्टी लागली होती.

"उद्या आपलं विमान माळावर पळणार!" मल्हार ओरडतच पत्र्याच्या शेडमध्ये शिरला. "सगळ्या गावाला सांगून आलो!"

"गावाला सांगितलंस, पण विमानाला सांगितलंस का?" अपेक्षा म्हणाली. ती विमानात उताणी पडून पॅनेलखाली डोकं घालून वायरी न्याहाळत होती. मल्हार तिचा चुलत भाऊ, तिच्याहून वर्षानं लहान आणि तोंडानं दहा वर्षांनी मोठा.

नानासो म्हणजे या पोरांचे आजोबा. पोरं त्यांना नाना म्हणत. मेंढरामागं हिंडणाऱ्या घरातला हा माणूस हवाई दलात इलेक्ट्रिशियन झाला आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचं दोन माणसांचं विमान बांधायला बसला. पंख झाले, इंजिन बसलं आणि मग हात कापायला लागले. पॅनेलची वायरिंग म्हणजे बारीक काम, कापऱ्या हाताला ते कुठलं जमतंय! म्हणून मे महिन्यात नाना खाटेवरून सांगत गेले आणि तेरा वर्षांची अपेक्षा जोडत गेली. तेव्हा सगळे मीटर तपासले होते. एकही काटा चुकला नव्हता.

मल्हारची धाकटी बहीण राणी पायलटच्या खुर्चीत ऐटीत बसली होती. तिनं पुढच्या मोठ्या दिव्याचं बटण दाबलं आणि किंचाळली, "अपेताई! पेट्रोल वाढलं!"

"वेडी का काय? पेट्रोल आपोआप वाढतंय व्हय?"

राणीनं दिवा विझवला. काटा खाली. दिवा लावला. काटा सरसर वर, थेट अर्ध्या टाकीवर!

"आयला!" मल्हारनं कपाळाला हात लावला. "असली टाकी आमच्या पप्पांच्या गाडीला पायजे! दिवा लावायचा आन् मुंबईला जाऊन यायचं!"

राणी खिदळली. अपेक्षा मात्र हसली नाही. तिचा चेहरा उतरला. वायरिंग तिची होती.

तेवढ्यात ऋषिराज आला. नानांच्या हवाई दलातल्या मित्राचा हा मुलगा शिराळ्याकडचा. त्याच्याकडं विमान चालवायचं लायसन होतं, म्हणून उद्या विमान तोच चालवणार होता. अपेक्षानं त्याला काटा दाखवला.

"शाळकरी पोरीनं वायरिंग केल्यावर आणखी काय होणार?" तो हसला. "काटा नाचतोय तर नाचू दे. अर्धी टाकी आहे, बास झालं."

"पण दादा, नानांना सांगायला पायजे!"

ऋषिराजनं आवाज खाली आणला. "सांग. ते उद्याचं रद्द करतील. परवा त्यांना सांगलीला दवाखान्यात नेणार. मग हे विमान पळताना ते कवा बघणार गं?"

अपेक्षानं पुन्हा पॅनेलखाली डोकं घातलं.

तो बाहेर जाऊन फोनवर बोलायला लागला. राणी मांजरासारखी मागं गेली आणि धावतच परतली. "दादा उद्या उडणार हाय! तलावावरनं चक्कर मारणार, रील काढायला!"

"काय?" मल्हार उडालाच. उडायच्या परवानगीचा कागद आलेला नव्हता. तो येईपर्यंत चाकं जमिनीवरच राहतील, असं नानांनी बजावलं होतं. शेजारच्या खुर्चीत तर खुद्द नाना बसणार होते!

सांगावं तर नानांचा एकमेव दिवस जाणार. न सांगावं तर नानाच जायचे. अपेक्षाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी मात्र ती मल्हारला म्हणाली, "नानांना आपण सांगायचं न्हाई. ऋषिदादाच माळावर दाखवंल. सगळा गाव जमल्यावर नाना रद्द करायचं न्हाईत, तिथंच दुरुस्त करायला लावतील."

"तो कशाला दाखवतोय?"

"त्याला कॅमेरा दिसला की तो काय पण दाखवतोय!"

माळावर बाया-बापड्या जमल्या. नानांना खाटेसकट आणून विमानाजवळ ठेवलं. त्यांना चार शब्द बोलायलासुद्धा दम घ्यावा लागत होता. शेजारी आजी, बयाबाई, पदरानं त्यांना वारा घालत होत्या.

"कॅप्टन ऋषिराज!" मल्हारनं मोबाईल रोखला. "रीलसाठी एकेक बटण दाबा! काय चमकतंय पॅनेल!"

ऋषिराजनं गॉगल चढवला आणि ऐटीत बटणं दाबली. मल्हारनं कॅमेरा हळूच पेट्रोलच्या मीटरवर नेला.

"बघा मंडळी, बघा! थेंब न घालता टाकी भरली! कॅप्टन, परत एकदा दिवा विझवा की!"

त्यानं सवयीनं विझवलं. काटा बदकन पडला. माणसं हसली. मल्हारनं मोबाईल नेऊन नानांच्या हातात दिला. नानांनी बघितलं. ते हसले नाहीत.

"टाकीत काठी घाल," ते म्हणाले.

अपेक्षानं काठी बुडवून वर काढली. जेमतेम टोक ओलं होतं.

"आन् ह्येच्यावर दादा तलावावरनं उडणार हुता!" राणीनं सगळ्यांसमोर फोडलं.

ऋषिराजनं गॉगल काढला. मान खाली गेली.

"तलावावरनं न्हाई गड्या," नाना दम घेत म्हणाले, "तलावात गेला असतास." मग त्यांनी नातीकडं बघितलं. "अपे, शोध. मला घाई न्हाई."

घाई फक्त त्यांनाच होती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

अपेक्षानं एक मोकळी वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला लावलं आणि दुसरं मीटरच्या पाठीमागं, काळ्या वायरीच्या जागी टेकवलं. "राणी, दिवा लाव!" दिवा लागला. काटा हलला नाही!

"मीटर चांगला हाय! परतीची वाट बिघडलीय!"

सगळ्या मीटरांच्या आणि दिव्यांच्या काळ्या वायरी मागं एकाच पितळी बोल्टला येत होत्या. त्या वाटेनं वीज बॅटरीकडं परतायची; नाना त्या बोल्टला 'ग्राउंड', म्हणजे जमीन, म्हणत. अपेक्षानं बॅटरीची वायर काढून ठेवली आणि पान्ह्यानं बोल्टचा नट सोडवला. तिथं एक वायर जास्तीची होती.

"ती माझ्या मोबाईलच्या चार्जरची," ऋषिराज पुटपुटला. "दसऱ्यानंतर लावली."

आणि वायरींच्या कड्यांखाली पिवळा, तेलकट थर बसला होता. भंडारा! खंडेनवमीला पूजेत कुणीतरी तेलात कालवून लावलेला. त्यानं वाट अडली होती, म्हणून दिव्याची परतणारी वीज काट्याला ढकलत होती.

"दादा, ह्यो दिसला न्हाई व्हय तुला?"

"दिसला की. पण देवाचा भंडारा पुसायचा कसा? तसाच वरनं नट आवळला."

अपेक्षाचाही हात थांबला. मल्हारनं तिचं मनगट धरलं. "नको गं. पाप लागंल." माळावरचं एकही माणूस पुसायला पुढं होईना.

तेव्हा बयाबाई उठल्या. "म्या लावलाय त्यो."

"आजी, तू? बोल्टला?"

"ह्येंनीच सांगितलं हुतं, ह्यो बोल्ट म्हंजे विमानाची जमीन. म्हटलं, ज्येला सोताची जमीन हाय, त्ये पडत न्हाई. बिरोबाला म्हटलं, धरून ठेव." त्यांनी खाटेकडं बघितलं. "इमानाचं न्हवतं म्हटलं म्या."

नाना जमिनीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, लावलास त्ये बरं केलंस. पर पूस आता. मला बसायचंय तेच्यात."

बयाबाईंनी पदराच्या टोकानं तो बोल्ट पुसला. पुसता पुसता बोटाला लागलेला भंडारा त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला लावला. अपेक्षानं डोळे पुसले, बोल्ट पॉलिश पेपरनं घासून लख्ख केला, चार्जरची वायर काढून टाकली आणि नट घट्ट आवळला. बॅटरी जोडली. राणीनं सगळे दिवे लावले. काटा तळाशीच राहिला, खरं सांगत.

मग पेट्रोल भरलं. काटा चढला, या वेळी पेट्रोलनं!

नानांना उचलून आत बसवलं. ऋषिराजनं त्यांच्या पायाला हात लावला. "नाना, चाकं जमिनीवरच राहतील. शब्द देतो."

इंजिन सुरू झालं आणि विमान माळावरून पळत सुटलं. पोरं मागं धावली. मेंढरं उधळली. विमान टोकाला वळलं, परत आलं आणि थांबलं.

"ह्या पोरांनी आज दोन जीव वाचवलं!" गावातले म्हातारे केरबा काठी उंचावून म्हणाले. गावानं टाळ्या वाजवल्या. ऋषिराजनंही वाजवल्या. मल्हारनं वाकून मुजरा केला.

नानांनी अपेक्षाला जवळ बोलावलं. त्यांना धाप लागली होती, तरी बोलले.

"वायरिंग चांगली केलीस, पोरी. येक काटा हलला न्हाई."

तिनं त्यांचा कापरा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी नानासोंना सांगलीला नेलं. तिथंच १७ डिसेंबर २०२३ रोजी, चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, सकाळी ते वारले.