पॉलिहाउसपर्यंतची वायर

"हॅलो… हो सर… सोमवारपर्यंत नक्की… हॅलो?"

चैताली पाण्याच्या टाकीवर उभी होती. एक हात कानाशी, दुसरा हवेत, जणू रेंज हातानंच ओढून आणायची होती.

"ओ मॅडम, चपला!"

खाली एक उंचापुरा तरुण, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात खराटा. "आत्ताच घासलीय टाकी. सकाळ गेली माझी त्यात."

फोन तर कटलाच होता. चैतालीनं शांतपणे चपला काढून एकेक खाली टाकली. दुसरी नेमकी त्याच्या पायावर पडली. "अख्ख्या भाजे गावात रेंज इथंच येते. मी तरी काय करू?"

"म्हणजे… रोज येणार?"

विचारण्यात तक्रार कमी अन् चौकशी जास्त होती. ते कळलं म्हणूनच बाईसाहेब जरा जास्तच फणकाऱ्यानं खाली उतरल्या.

तो पवन. हिरामावशींचा मुलगा. घरामागं जरबेऱ्याच्या फुलांचं पॉलिहाउस होतं त्याचं. आणि हिरामावशींच्या मागच्या दोन खोल्यांत चैताली परवाच भाड्यानं आली होती. मूळची नगरची, नोकरी हिंजवडीत. होस्टेलच्या गोंगाटाला विटून तिनं घरून काम मागून घेतलं होतं. कंपनीची अट एकच : सोमवारपर्यंत घरात वायरचं इंटरनेट हवं, नाहीतर मुकाट्यानं परत ऑफिसात. आणि तिला तर हे घर पहिल्याच सकाळी आवडून गेलेलं. ओट्यावरचा चहा, समोर लोहगड, आणि कुणाचा म्हणून आवाज नाही!

लाइनवाला आला, बघून गेला. "रस्त्यापासून घर लांब पडतं. मधे खांब लागतील, जादा वायर लागेल. तो खर्च तुमचा."

तुमचा म्हणजे कुणाचा, हे सांगायला तो काही थांबला नाही.

"ज्याला पायजे त्यानं द्यावं," हिरामावशी म्हणाल्या. "मागच्या भाडेकरूच्या हट्टापायी टीव्हीची छत्री बसवली. दोन म्हैन्यांत गेला त्यो. आता छत्रीत कोंबडी बसती."

"पण मावशी, घर तुमचं. खांब काय मी जाताना पिशवीत घालून नेणारे?"

"जानार हाईसच ना पन? अकरा म्हैन्यांचाच कागद हाय."

दोघींचंही बरोबर होतं, म्हणूनच मिटेना. शुक्रवार उजाडला. चैतालीनं बॅग काढून कॉटवर ठेवली आणि तिचे डोळे भरून आले.

"आई, मला पॉलिहाउसला लाइन घ्यायचीच होती." दारातून पवन बोलला, कुणाकडंच न बघता. "ठिबकचं मशीन आणतोय. फोनवरून पाणी चालू, फोनवरून बंद. रस्त्यापासून पॉलिहाउसपर्यंतचं सगळं माझं. तिथून खोलीपर्यंतची वायर… मॅडमची."

हिरामावशींनी लेकाकडं नीट निरखून पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.

लाइनवाल्याला बांबूचे खांब चालणार होते. पवननं बांधावरचे बांबू तोडले, खड्डे खणले. चैताली लांब उभी राहून सांगायची.

"सरळ आहे?"

"थोडा डावीकडं."

"आता?"

"आता… थोडा उजवीकडं."

"मॅडम, बांबू बघताय का मला?"

"बांबूच. तो निदान गप्प उभा राहतो!"

सोमवारी सकाळी लाइन चालू झाली. आपल्या वाट्याचे पैसे चैतालीनं तिथल्या तिथं चुकते केले.

मग काय, वायर ताणलीय का ढिली पडलीय, हे बघायला पवनला रोज यावं लागे. येताना हातात दोन-चार जरबेरा. "दांडे वाकडे आहेत. बाजारात चालत नाहीत." चार वाजता तिची कामातली सुट्टी, नेमका तेव्हाच त्याचा चहा. थंडी सरली, आंबे झाले, भाताच्या लावण्या उरकल्या. बॅग कॉटखाली कुठं गेली ते चैतालीला आठवतही नव्हतं.

आठवलं ते ऑगस्टमध्ये. कागद संपायला पंधरा दिवस राहिले होते. भाडं वाढेल का, मावशी राहू देतील का, आणि… त्या पुढचं ती स्वतःलाही विचारत नव्हती. त्यात दुपारी वाऱ्यानं एक बांबू आडवा झाला आणि लाइन गेली. पवनची तरी चालू आहे का बघावं, म्हणून ती भिजतच पॉलिहाउसमध्ये शिरली.

कोपऱ्यात त्याच्या इंटरनेटची पेटी होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, सुतळीनं बांधलेली. उघडलेलीसुद्धा नाही. आणि पवन वाकून हातानं पाण्याचा कॉक फिरवत होता.

"ठिबकचं मशीन कुठंय?"

तो दचकला. मग त्यानं ओले दोन्ही हात वर केले. "हे काय… हेच."

"म्हणजे लाइन नकोच होती तुम्हाला?"

"लाइन नको होती…" त्यानं कॉक बंद केला. "तुम्ही बॅग काढली होती ना. मला ते… बघवलं नाही."

 चैतालीनं बादलीतलं एक फूल उचललं. दांडा छडीसारखा सरळ. रोज मिळणाऱ्या फुलांसारखाच, आता लक्षात आलं. "आणि ही वाकडी फुलं?"

"एकही वाकडं नव्हतं."

वर पॉलिहाउसच्या प्लॅस्टिकवर पाऊस वाजत होता. ती हसली. "मला नाही जायचं पवन. पंधरा दिवसांनी नाही… कधीच नाही. खोटारडा आहेस तू. पण मला फार आवडतोस."

"मग जाऊ नकोस ना," तो म्हणाला. इतके महिने सांभाळलेलं 'तुम्ही' त्या वाक्यात कुठं गळून पडलं, त्यालाही कळलं नाही. त्याच्या ओल्या हातात तिचा हात गेला आणि तसाच राहिला.

"ठिबकला इंटरनेट लागतं व्हय!" दारात हिरामावशी. डोक्यावर पोत्याची खोळ. "मला तवाच कळलं हुतं. म्हनलं, रोवतोय तर रोवूदे बांबू." त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि नोटा चैतालीच्या हातात कोंबल्या. "तुझ्या वायरीचं पैसं. घरच्या मानसाकडनं आमी घेत न्हाई."

चैताली लाजून लाल झाली. "आणि मावशी… भाडं?"

"ते मातुर लग्नाच्या दिसापातुर द्यायचं!"