आतून उघडं, बाहेरून बंद

“माझा मुलगा जिवंत आहे का, एवढंच शोधून द्या,” असं म्हणत बाई खुर्चीत कोसळल्याच.

बारीकरावांनी पाण्याचा पेला पुढे केला. खासगी तपासात त्यांची बारीक नजर इतकी गाजली होती, की खरं नाव लोक विसरून गेले होते. त्यांचे सोबती, निवृत्त हवालदार, कानावर खोचलेलं पेन टेबलाखाली शोधत होते.

बाईंनी रडत रडत सगळं सांगितलं. बापाशी कडाक्याचं भांडून मुलगा परदेशी निघून गेला. ना पत्ता, ना फोन. पण जाण्यापूर्वी त्याने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक वेबपान थाटलं होतं. घरच्या राउटरमधून ते जगात कुठूनही उघडायचं. तो तिथे दर रविवारी आईसाठी चार ओळी लिहायचा. शेवटच्या ओळी होत्या : ‘खोकल्यातून रक्त पडलं. उद्या दवाखान्यात जातो.’

त्यानंतर महिनाभर काहीच नव्हतं.

“पान बंद पडलंय का?”

“छे हो! त्याच कॉम्प्युटरवर रोज बघते. लख्ख उघडतं.”

“तुमच्या यजमानांना काय वाटतं?”

“त्याचा विषयच निघत नाही आमच्यात. ह्यांना मी त्यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. कॉम्प्युटरची खोलीसुद्धा कुलपात ठेवते.”

तिघं बाईंच्या घरी पोचले. कॉम्प्युटरवर पान खरंच उघडलं. बारीकरावांनी हवालदारांना स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या नेटवर तेच उघडायला सांगितलं. ते काही केल्या उघडेना.

“म्हणजे तो लिहायला येतोय आणि दार बंद?” बाईंचा आवाज फाटला.

“वर भाडेकरू राहतो ना? हे त्याचंच काम!” हवालदारांनी निकाल देऊन टाकला.

खाली बोलावलेला भाडेकरू भडकला. “मला काकू वायफायचा पासवर्ड तरी देतात का? बाहेर पडताना घराचा मेन स्विच बंद करतात, तेव्हा माझा जिनासुद्धा अंधारात जातो!”

“आग लागली म्हणजे?” बाई म्हणाल्या. “त्या ओळी वाचल्या आणि घरात जीव लागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बहिणीकडे गेलो. तेव्हाही बंद केला होता.”

“परतल्यावर कॉम्प्युटर लगेच सुरू झाला?” बारीकरावांनी विचारलं.

“लगेच कुठला? तो जागा होईपर्यंत माझी भाजी चिरून होते.”

कोपऱ्यात बसलेल्या बापाने पेपरातून डोकं वर काढलं नाही. “मी ते पान बघत नाही. रक्त पडेपर्यंत खोकला अंगावर काढणाऱ्या गाढवाशी माझा संबंध नाही.”

बारीकरावांनी सगळ्यांना समोर बसवलं.

“राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला क्रमांक देतो. बाहेरून येणाऱ्याला कुठल्या क्रमांकाकडे पाठवायचं, ते मुलाने सांगून ठेवलंय. पण तुमचा राउटर वीज गेली की कुणाला काय दिलं ते विसरतो. मग आधी येईल त्याला पहिला क्रमांक. घरात एकटा कॉम्प्युटर होता, तोवर बिघडलं नाही. यावेळी तो जागा होण्याआधी दुसरंच काही तिथे जाऊन बसलं. बॅटरीवर चालणारं, आधीच जागं असलेलं.”

“पण आमच्याकडे दुसरं आहेच काय?” बाईंनी विचारलं.

बारीकराव बापाकडे वळले. “साहेब, खोकल्यातल्या रक्ताचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

पेपर खाली आला. बाप उठला आणि कपाटातल्या स्वेटरखालून त्याने टॅबलेट काढला.

“महिन्यापूर्वीच घेतला. अक्षरं मोठी दिसतात यात,” तो पुटपुटला. “हिच्या बहिणीकडून आल्यापासून पान दिसेना. वाटलं, पोराला कळलं आणि त्याने मला हाकललं. कुठल्या तोंडाने विचारणार?”

“तुम्ही ज्या क्रमांकावर पान बघायचात, तोच आता या टॅबलेटला मिळालाय. मुलगाही तिथेच येऊन परत जात असणार.” हे मात्र बारीकरावांनी हळू सांगितलं. “तो येत असेल तर.”

त्यांनी राउटरमध्ये जुना क्रमांक कॉम्प्युटरच्या नावे कायमचा बांधून टाकला. हवालदारांच्या मोबाइलवर पान उघडलं. नवं काहीच नव्हतं.

मग नुसतं बसून राहणं आलं. बाई पडद्यासमोरून हलेनात. बाप दारातच उभा राहिला. इतक्या दिवसांत त्या खोलीत त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

संध्याकाळी ओळी उमटल्या : ‘आई, किती दिवस प्रयत्न करतोय, पान उघडतच नव्हतं! औषधं चालू आहेत, रक्त थांबलंय. बाबांना सांगू नकोस, ते झोपणार नाहीत.’

बाईंनी हुंदका दिला आणि नवऱ्याला हाताला धरून आत ओढलं. त्याने ओळी पुन्हापुन्हा वाचल्या, चष्मा पुसला.

“लिही त्याला,” तो म्हणाला, “बाबांना सांगितलं म्हणून.”