दसऱ्याला सुटलेला ट्रेलर

“ट्रेलर सुटला!” अरुण ओरडला आणि त्याने पिकअप कडेला घेतली.

चढावरून मागे घसरलेला राहण्या-झोपण्याचा ट्रेलर मेपलच्या लालभडक झाडांत आडवा पडला होता. न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातली ट्रिप ऐन दसऱ्याला खलास!

मनोहरराव उतरले ते जावयावर तोंड सोडतच. “पिन न लावता निघालास? जीव गेला असता कुणाचा तरी! तू इथून बसने जा. शरयू आमच्याकडे राहील. या माणसाच्या भरवशावर पोर ठेवणार नाही मी.”

“बाबा, मी पिन लावली होती,” अरुण म्हणाला.

“मग काय भुताने काढली?” मेहुणा शंतनू हसला.

शरयूचं डोकं फिरलं. ही मनोहररावांची थोरली लेक पार्सिपनी शहरात सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच तिला पगार. इथे तर बाप तिचा संसार मोडायला निघाला होता!

ती पिकअपच्या मागे वाकली. ट्रेलरचा दांडा अडकवणारी पिन गायब. पिन निघालीच तर ट्रेलर धरून ठेवणाऱ्या साखळ्यांचे हूक कुठे तुटले-वाकलेले नव्हते. कुणीतरी ते हाताने सोडवले होते.

“आई, सकाळी गाड्यांची पूजा केलीस तेव्हा पिन होती?”

“होती की! तिलाच तर हळद फासली, चांगली ओली,” सुमित्राबाई म्हणाल्या. “कुंकवाची डबी मेली घरीच राहिली, म्हणून नुसती हळद.”

“पूजेला कोण कोण होतं?”

“आपण चौघं. शंतनू कॅम्पच्या बाथरूममध्ये अंघोळीला गेला होता.”

“पूजेनंतर?”

“आपण चहा घेतला. अरुणराव निघेपर्यंत आपल्याजवळच होते.”

“तू ट्रेलरमध्ये आडवी होणार होतीस ना?”

“हो गं, गुडघा ठणकत होता. पण शंतनूने हट्टाने पुढे बसवलं. म्हटलं, आली बाई पोराला माया.”

शरयू भावाकडे वळली. त्याच्या राखाडी स्वेटशर्टच्या बाहीवर लालसर डाग होता.

“हे काय रे?”

“कुंकू, ताई. आईच्या पूजेचं. साबणाने वॉश केलं, तर अजूनच डार्क झालं यार.”

“कुंकू आणलेलंच नाही, शंतनू.”

त्याचा चेहरा उतरला.

“ओल्या हळदीला साबण लागला की ती लाल होते. इथे वाढलास, कधी कपडा धुतला नाहीस, तुला कुठून कळणार? पूजेला तू नव्हतास. मग हळद लागली कुठे? पिन काढताना! आम्ही चहा घेत होतो तेव्हा. आणि ट्रेलर सुटणार हे तुला ठाऊक होतं, म्हणून आईला त्यात बसू दिलं नाहीस.”

“ऑफकोर्स नाही बसू दिलं! आई आत असती तर...”

तो थांबला, पण उशीर झाला होता.

“मला वाटलं, ट्रेलर कॅम्पमध्येच सुटेल!” तो एकदम उसळला. “सगळ्यांसमोर याची फजिती होईल, एवढंच! बाबांनी नवी पिकअप घेतली, चावी जावयाला. सगळं जावयाला! मुलगा मी आहे ना?”

“आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळला असता तर, मेल्या?” सुमित्राबाईंना रडू फुटलं.

मनोहररावांनी पिकअपची चावी काढून अरुणपुढे धरली. “चुकलं माझं, अरुणराव. चालवा तुम्ही.”

अरुणने हात पुढे केला नाही. “तुमच्या मुलाला द्या, बाबा. मी बसने जातो.”

शरयूने पिकअपमधून दोघांच्या बॅगा काढल्या. एक त्याच्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली आणि बापाकडे न बघता उतार उतरू लागली.