अर्धा इंच

"सहा आहेत. मोजून झाली असतील तर आत या."

मी दचकले. शिंप्याच्या दुकानाच्या काचेला नाक लावून मी खरोखरच आतल्या कोटाची बटणं मोजत होते. करडा, दुहेरी बटणांचा, रुंद कॉलरचा कोट, आजोबांच्या तरुणपणीच्या धाटणीचा. दारात शिंपी उभा होता. अंगात साधा शर्ट, गळ्यात टेप, डोळ्यांत हसू.

"कुणासाठी शिवायचाय?"

"नाही... चित्र काढायचंय. जुने पुरुषी पोशाख काढते मी, अल्कोहोल मार्करनं. आवड म्हणून."

"आणि पोटासाठी?"

"कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते."

"तरीच. मोजायची खोड आहे."

त्यानंतर दर शनिवारी मी तिथे बसून चित्रं काढू लागले. आतल्या खोलीतून त्याचे वडील विचारायचे, "पोरी, आज किती बटणं?" आणि मी म्हणायचे, "सहाच, काका." तो कोट त्यांनी शिवलेला पहिला कोट. त्याचं आणि आणखी चाळीस कोटांचं पेन्सिलनं, मापात काढलेलं चित्र त्यांच्या वहीत होतं. आता त्यांचे हात थरथरत.

एका शनिवारी शिंप्यानं ती वही कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "बाबांनी ही आजवर कुणाला दिलेली नाही."

"मग मला कशी?"

"मी म्हणालो, हिचे हात स्वच्छ असतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या करड्या कोटाच्या पानावर माझा पातळ कागद ठेवला आणि बाह्यरेषा गिरवली. खांदे मात्र मनातले काढले. मग कागद बाजूला घ्यायचा, तर हातात मार्कर होता, मन भलतीकडे होतं... तिथेच रंगवत सुटले. आधी फिकट करडा, तो ओला असतानाच मधला, घड्यांत गडद. तीन थर. कागद उचलला, तर खाली काकांच्या पेन्सिलच्या रेघांवर करड्या रंगाचा एक अख्खा माणूस उतरला होता.

अल्कोहोलची शाई कागदातून आरपार कशी झिरपते हे मी दर वर्षी साठ मुलांना शिकवते. आणि खाली पुठ्ठा ठेवायला विसरले.

सोमवारी वही परत केली. गुंडाळलेलीच. "चहा?" त्यानं विचारलं. "तास आहे," मी म्हणाले. तास नव्हता. पुढचे तीन शनिवार मी दुसऱ्या रस्त्यानं घरी गेले. त्याच्या गल्लीचा कोपरा लांबून दिसला तरी मान खाली जायची.

चौथ्या शनिवारी प्रयोगशाळेत एक मुलगी वहीतला चुकीचा आकडा रबरानं खोडत होती. "खोडायचं नाही," मी सवयीनं म्हणाले. "चूक दिसली पाहिजे. त्यावर एक रेघ मार आणि शेजारी खरं लिही." माझंच वाक्य माझ्याच कानात अडकून बसलं. कॉलेज सुटल्यावर तडक दुकानात गेले.

वही कापण्याच्या टेबलावर उघडी होती. तेच पान.

"मी... सांगायला आले होते."

"तीन शनिवार उशिरा," शिंपी म्हणाला. "बाबांनी दुसऱ्याच दिवशी पाहिलं. म्हणाले, रंग बरोबर निवडलाय पोरीनं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"एकच कळेना." त्यानं पानावर बोट ठेवलं. "बाबांनी खांदे सरळ काढलेत. तुमचा रंग डाव्या खांद्याला रेघेच्या खाली उतरलाय. वहीचं माप धरलं, तर अंगावर अर्धा इंच."

"हात हलला असेल."

"तुमचा?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागले.

"कापडाचे तागे वाहून माझा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "लाज वाटते. म्हणून माझ्या प्रत्येक कोटात तिथे जास्तीचा कापूस भरतो. आजवर कुणाला कळलं नाही. तुम्हाला कधी दिसला?"

"पहिल्याच दिवशी." माझे कान तापले. "तुम्ही दारात उभे होतात, शर्टात... तेव्हापासून कुणाचाही कोट काढला तरी खांदा तोच येतो. मुद्दाम नाही — म्हणजे, हल्ली मुद्दाम."

त्याचा हात आपोआप खांद्यावर गेला. त्याचेही कान लाल झाले होते. बराच वेळ आम्ही दोघं त्या पानाकडेच पाहत राहिलो, एकमेकांकडे पाहायची सोय नव्हती.

"निघेल हा डाग?"

"नाही. पुसायला गेलं की पसरतो."

"मग असू दे." त्यानं काचेतला कोट काढून अंगात घातला. यात जास्तीचा कापूस नव्हता; डावीकडे, छातीवर एक तिरकी घडी पडली. "आता समोर बसवून काढा. चोरून नको."

मी पिशवीतून कागद काढला. खाली पुठ्ठा ठेवला, दोनदा तपासला. मार्कर टेकवला, तसा त्यानं नकळत खांदा उचलला.

"नको... आहे तसाच राहू दे."

त्यानं श्वास सोडला. खांदा खाली आला.

"पोरी," आतून आवाज आला, "आज किती बटणं?"

"सहाच, बाबा."

म्हटलं आणि जीभ चावली. आजवर मी त्यांना काका म्हणत होते. समोरचा हलेना. माझा मार्कर एकाच जागी टेकून राहिला होता आणि कागदावर करडा ठिपका गोल गोल पसरत चालला होता.

"डाग पडतोय," तो म्हणाला.

"पडू दे," मी मान वर केली. "खाली पुठ्ठा आहे."