चार नंबरचा फीडर

लाइट गेली की सबस्टेशनला फोन लावून समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करता ना रे पोरांनो? मग आज अंधारातच ऐका. तो फोन उचलणारा ऑपरेटर माझा जोडीदार होता. त्याची पाळी संपली की माझी सुरू.

गेल्या वर्षीची अठरा जानेवारीची रात्र. दहाला त्याने ड्युटी घेतली, मीटरचे आकडे लिहिले, चहा टाकला. लांबून येणारी जबर दाबाची वीज सबस्टेशनात उतरते, तिथे तिचा दाब कमी होतो आणि चार फीडरांवरून, म्हणजे चार वाटांनी, ती घरोघर जाते. प्रत्येक फीडरला पॅनेलवर एक मूठ. उजवीकडे फिरवली की हजारेक घरांत उजेड, डावीकडे फिरवली की अंधार.

साडेअकराला चार नंबरच्या फीडरवर फांदी पडून तार तुटली. दुरुस्तीला गेला लाइनमन, म्हणजे ऑपरेटरचा मेहुणाच. बायकोचा एकुलता एक भाऊ, लाडाने शेफारलेला, पण कामाला वाघ. ऑपरेटरने लाइन बंद केली, मुठीला कुलूप घातलं, परमिट, म्हणजे खांबावर चढायची लेखी परवानगी, दिलं. नियम असा, की काम संपलं की परमिट घेणाऱ्यानेच त्यावरचा नंबर सांगायचा आणि मगच लाइन सोडायची. पण हा शहाणा म्हणायचा, “घरच्या माणसाला कसला नंबर विचारायचा?” सांगून सांगून माझी जीभ झिजली होती.

बारा चाळीसला टेबलावरचा फोन वाजला.

“दाजी, झालं काम. सोडा लाइन.”

आवाज मेहुण्याचाच. “दाजी” म्हणतानाचा तो लाडिक हेलसुद्धा त्याचाच.

“शाब्बास रे पठ्ठ्या! घरी जा आता, तुझी ताई जागी असेल.”

पलीकडून नुसता श्वास. ऑपरेटरने रिसीव्हर टेबलावर तसाच ठेवला, कुलूप काढलं, मुठीवर हात ठेवला…

खिशातला मोबाइल वाजला. त्याने डाव्या हाताने काढला. मेहुणा.

“दाजी, दहा मिनिटं थांबा हां. जमिनीला जोडलेली अर्थिंगची तार काढून खाली उतरलो, पण पक्कड वरच राहिली. परत चढलोय.”

“अरे… आत्ता तर म्हणालास ना, सोडा लाइन?”

“मी? कधी? मी तर तारेला धरून बसलोय.”

टेबलावर रिसीव्हर आडवा पडला होता. त्यातून बारीक आवाज आला.

“दाजी… सोडा ना.”

दोन्ही कानांत एकच आवाज.

त्याने मुठीवरचा हात काढू पाहिला. निघेना. बोटांवर काहीतरी होतं. गार. जड. दिसत काहीच नव्हतं… आणि मूठ उजवीकडे सरकत होती. अगदी सावकाश.

“उडी मार!” तो किंचाळला. “तार सोड! उडी मार, तुला आईची शपथ!”

“काय झालं दाजी?”

“मार उडी!”

मूठ फिरली.

खट्.

चार नंबरचा, लाइन चालू झाल्याचा, लाल दिवा लागला.

मोबाइलवर काहीच ऐकू येईना. त्याने हाक मारली. पुन्हा मारली. बायकोला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

मग कण्हणं ऐकू आलं.

“दाजी… पाय मोडला वाटतं.”

ऑपरेटर तिथेच बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. मेहुणा आज लंगडतो, पण आहे. देवाची कृपा म्हणा, नाहीतर काही म्हणा.

सकाळी सहाला मी ड्युटीवर पोचलो, तेव्हा तो बाहेर पायरीवर बसला होता. आत यायला तयार नाही. मी एकटाच आत गेलो. शॉक लागू नये म्हणून पॅनेलसमोर रबराची जाड चटई असते. तिच्यावर दोन पावलं उमटली होती. अनवाणी. रबर वितळून बोटं न् बोटं खोल रुतलेली. तोंड मुठीकडे.

मी बाहेर येऊन त्याचे पाय बघितले. बूट रात्री घातले तसेच होते. आणि रे, त्या मुठीसमोर उभं राहायला जागा एकाच माणसापुरती आहे.