नुसता स्थिर आकार

बस अशी. लाइट काही इतक्यात येत नाही, तो दिवा जरा अलीकडे सरकव आणि ते बिल दे इकडे. एवढं काय घाबरायचं त्यात? ही पहिली ओळ बघ, स्थिर आकार. पाइप आहे, मीटर आहे, त्याचे पैसे. तू शेगडी पेटव नाहीतर नको पेटवूस, ते द्यावेच लागतात. त्याच्याखाली वापर आकार, म्हणजे जेवढा गॅस जाळलास तेवढ्याचे. मग कर. आणि हे कोपऱ्यात बारीक अक्षरांत काय लिहिलंय? 'अंदाजे'. मीटरवाल्याला तुमचं दार बंद मिळालं असणार, म्हणून त्यांनी मागच्या वापरावरून अंदाजे आकडा टाकलाय. म्हणून बिल फुगलंय. खरा आकडा मिळाला की पुढच्या बिलात वळतं करतील. झालं, संपला विषय.

मला हे सगळं कुठून कळलं, ते विचारू नकोस... विचारलंसच ना. बरं, ऐक. पण मध्ये मध्ये 'हो का, हो का' करू नकोस. या गोष्टीत मला ते सहन होत नाही.

माझी आई एकटी राहायची, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिथून दोन गल्ल्या पलीकडे. मी परगावी. आईच्या हाताला कंप सुटला तेव्हा डॉक्टर म्हणाले, यांना गॅसजवळ जाऊ देऊ नका. मी म्हटलं, माझ्याकडे घेऊन जाते. तर दादा म्हणाला, "काही गरज नाही. तुझी वहिनी रोज जाऊन तिच्याच स्वयंपाकघरात दोन वेळचं गरम करून घालेल. आईचं पेन्शन तेवढं माझ्याकडे राहू दे." ठरलं. मी रोज फोन करायचे. "आई, जेवलीस?" "जेवले हो. माझी काळजी नको करूस." तिचा आवाज बारीक होत गेला. मला वाटलं, वय झालं.

मग एके सकाळी ती गेली. मी पोचले तेव्हा डॉक्टर निघाले होते. जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, "अंगात काही नव्हतं हो यांच्या. जेवत नव्हत्या का?" मी वर येऊन दादाला विचारलं. दादा म्हणाला, वहिनी दोन वेळ पोटभर घालत होती, म्हाताऱ्या माणसांच्या अंगी लागत नाही. वहिनीने मान हलवली. पण कपाट आवरताना मला बिस्किटांच्या पुड्यांचे कागद सापडले, नीट घड्या घालून ठेवलेले. अख्खा खण भरला होता. दादा म्हणाला, "तिला बिस्किटांचं वेड लागलं होतं शेवटी." आईला बिस्किटं कधीच आवडायची नाहीत. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, की आई उपाशी गेली का? विचारणार कुणाला? आणि तोंडावर आरोप करायचा तर हातात काय होतं माझ्या?

त्या दिवशी दादाने माझ्यासमोर गॅसच्या नळीचा मुख्य कॉक बंद केला, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली आणि दाराचं लॅचचं कुलूप लावलं, बाहेरून कळतही नाही तसलं. एक किल्ली त्याच्याकडे, एक माझ्याकडे.

पुढे घर विकायचं ठरलं. घेणाऱ्याने गॅस कंपनीचा दाखला मागितला, काही बाकी नाही असा. आणि तेवढ्यात त्या बंद घराचं बिल आलं, चांगलं भरभक्कम. दादाने मला फोनवर फैलावर घेतलं. "तू कुणाला तरी किल्ली दिलीयेस. भाडेकरू ठेवलास की काय गुपचूप?" मी म्हटलं, किल्ली तुझ्याकडेही आहे, आणि पेन्शन खायची सवयही तुलाच आहे. असं आमचं बोलणं. शेवटी तो म्हणाला, "ये, आणि तूच निस्तर."

म्हणून मी गॅसच्या ऑफिसात गेले. छान उजेडाची सकाळ होती. लोक टोकन घेऊन बसले होते, कुणाचं तरी पोर खुर्च्यांखालून रांगत होतं. काउंटरवर एक जाडजूड बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला, पण समजावून सांगायची हौस फार. आत्ता तुला सांगितलं ना, ते सगळं मी त्यांच्याकडून शिकले. मी म्हटलं, "घर बंद आहे. हा अंदाजे आकडा असणार." त्यांनी बोट ठेवलं. "नाही हो. 'प्रत्यक्ष' लिहिलंय बघा. मीटर वाचलाय." मग त्यांनी मागची बिलं स्क्रीनवर काढली आणि भुवया उंचावून म्हणाल्या, "हे मात्र उलटंच आहे. या घरात आधी कुणी राहत नव्हतं का? कितीतरी महिने वापर शून्य. नुसता स्थिर आकार. वापर सुरू झालाय तो आत्ता."

ते शब्द मी आधी ऐकले होते. दादा कौतुकाने सांगायचा, "आई काय काटकसरी आहे बघ. बिल म्हणजे नुसता स्थिर आकार." आणि मी फोनवर हसायचे. मला काय ठाऊक, त्याचा अर्थ त्या घरात कुणी कधी गॅस पेटवलाच नाही असा होतो! दोन वेळचं गरम जेवण म्हणे. कसलं गरम? साधं पाणीसुद्धा तापलं नव्हतं तिथे. आई गेली त्या महिन्यापर्यंत नाही. मी काउंटरची कड धरून उभी राहिले. बाई म्हणाल्या, "पाणी देऊ का?"

पाणी नको होतं मला. माझा संताप त्या मीटरवाल्यावर निघाला, समोर दुसरं कुणी नव्हतं म्हणून. मी म्हटलं, तुमचा माणूस घरी बसून आकडे लिहितो, बंद घरातला मीटर तो वाचणार कसा? बाईंनी मुकाट्याने त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मीटरवाला म्हणाला, "बंद कुठे आहे मॅडम? आजी आहेत की. गुडघ्यांमुळे त्यांना दारापर्यंत येववत नाही, त्या स्वयंपाकघरातूनच आकडा वाचतात, मी बाहेर लिहून घेतो. आमचं वर्षानुवर्षं असंच चालतं. आज दुपारी आहेच तिकडे."

"कोण आजी?" मी म्हटलं. "कसलं काय वाचतात?"

"मॅडम, नेहमीच्याच आजी. त्या शून्याला पूज्य म्हणतात ना... मला आधी कळायचंच नाही."

आमच्या घरात शून्याला पूज्य फक्त आई म्हणायची. मी तिला चिडवायचे त्यावरून.

मी बिल उचललं आणि तडक आईच्या घरी गेले. त्या ऑफिसातच दुपार टळत आली होती. कुलूप जसंच्या तसं. आत गेले आणि दार लोटून घेतलं. बंद घराचा असतो तसा कोंदट वास होता, गाद्यांचा, जुन्या कापडाचा. सगळ्यावर धूळ. शेगडीवर तर बोट फिरवलं तर रेघ उठेल इतकी. कॉकवरची चिकटपट्टी दादाने गुंडाळली तशीच, टोकही सुटलेलं नव्हतं. मी वाकून मीटर पाहिला. आकडा खरोखरच पुढे गेला होता. आणि मी बघत असतानाच शेवटचं चाक हळूच सरकलं...

मी मागे झाले. स्वतःलाच म्हटलं, गळती असेल. वास घेऊन पाहिला, गॅसचा वास नव्हता. दुसराच येत होता. आधी वाटलं, शेजारच्या घरातून येतोय. भात शिजत असताना झाकण उचललं की येतो ना, तो. मऊ, ओलसर. तो वाढत गेला. मग दूध तापल्याचा. शेगडी थंडगार होती, मी हात ठेवून पाहिला. पण ओट्यावरच्या खिडकीची काच बघता बघता आतून धुरकटली आणि तिच्यावरून पाण्याचा एक थेंब खाली ओघळला. कुठेतरी भांड्यावर झाकण बारीक थडथडत होतं.

आईच्या घरात मला आईची भीती वाटावी, यासारखं दुसरं काय वाईट असेल? पण वाटली. मी भिंतीला पाठ लावून, तोंडावर पदर धरून उभी राहिले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. "आजी, मीटर..."

ओ द्यायला मी तोंड उघडलं. आणि माझ्या बाजूने, मीटरच्या अगदी जवळून, सावकाश, एकेक आकडा नीट लावून...

"पूज्य... पूज्य... चार... एक... सात..."

ती मीटर वाचताना शेवटच्या आकड्याला दम घ्यायची. तसाच दम घेतला.

"घेतलं लिहून," मीटरवाला बाहेरून म्हणाला. "जेवलात का आजी?"

झाकण थडथडायचं थांबलं.

"बसतेच आहे रे..."

मी रडायला लागले. भीती होतीच, पण रडू भीतीचं नव्हतं. इतकी वर्षं एकजण तिला दाराबाहेरून जेवलात का विचारत होता, आणि त्याला आत काय आहे याची कल्पना नव्हती. आम्हा पोटच्या पोरांना तरी कुठे होती? मी जाऊन दार उघडलं. मीटरवाला दचकला. "अरे, पाहुणे आलेत वाटतं? आजी आहेत ना आत?"

"आहेत," मी म्हटलं. "जेवायला बसल्यात."

तो हसला आणि वरच्या मजल्यावर गेला. मी वळून आत पाहिलं. वास गेला होता, काच कोरडी होती.

तिथून मी थेट दादाकडे गेले. तो जेवत होता, भरल्या ताटावर. मी बिलांचे कागद ताटाशेजारी ठेवले. बाईंनी छापून दिले होते. म्हटलं, "वापर शून्य लिहिलंय. वहिनी रोज आईला जेवण करून घालत होती ना? कशावर करत होती, ते सांग."

वहिनी भाताचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. हळूच म्हणाली, "ताई, सुरुवातीला जात होते मी. मग हे म्हणाले, रोज रोज कशाला, बिस्किटं आणून ठेव, ती कुरकुर करत नाही..."

"तू गप्प बस," दादा तिला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "गेलेल्या माणसाच्या जेवणाचा हिशेब मागायला आलीस? तेव्हा कुठे होतीस?" आणि पुढचा घास घेतला. मला त्याच्या बोलण्याचा एवढा राग नाही आला. तो घास घेतला ना, त्याचा आला. मी त्या घरचं पाणीही न पिता उठले.

आईच्या घरी काय ऐकलं ते मी त्याला सांगितलं नाही. पुढचं बिल अंगावर पडू नये म्हणून त्याने कंपनीला सांगून जोडणी तोडली, मीटर काढून नेला, नळीला बूच मारलं. घर विकलं. माझा वाटा आला. तो मी कुठे खर्च केला, ते आठवतही नाही.

मध्ये बरेच दिवस गेले. मग एका दुपारी दादाचा फोन आला. आम्ही बोलत नव्हतो, म्हणून मी उचलू की नको करत होते. उचलला. त्याचा आवाज ओळखू येईना, इतका बारीक झाला होता.

"आमचं बिल आलंय," तो म्हणाला.

"मग भर."

"वापर शून्य लिहिलाय. प्रत्यक्ष."

"बरं आहे की. नुसता स्थिर आकार."

"चेष्टा नको करूस..." तो कुजबुजत होता. "गॅस पेटतो गं. ज्योत दिसते. पण हात धरला तर ऊबच लागत नाही. भात कच्चा राहतो. दूध तापत नाही. विजेची शेगडी आणली, तिचंही तेच. बाहेरून मागवलं तर ताटात वाढेपर्यंत गार दगड होतं, घशाखाली उतरत नाही. तुझ्या वहिनीची हाडं दिसायला लागलीत... आम्ही बिस्किटांवर आहोत. काय करू, सांग ना."

मला दया यायला हवी होती. सख्खा भाऊ आहे. नाही आली, आणि आजही येत नाही, ते तुला खरं सांगते. "वहिनी कुठाय?" एवढंच विचारलं.

"ही काय, माझ्याजवळ बसलीये. घरात आम्ही दोघंच..."

तेवढ्यात त्याच्याकडे दारावर टकटक झालेली मला फोनमधून ऐकू आली. मीटरवाला तोच होता, दोन्ही गल्ल्या त्याच्याकडेच. "मीटर..."

दादा उठला नाही. वहिनीही उठली नाही, तिचा श्वास मला फोनच्या अगदी जवळ ऐकू येत होता. आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून, सावकाश, एकेक आकडा नीट लावून कुणीतरी वाचायला लागलं. शेवटच्या आकड्याला दम घेतला.

"अरेच्चा, आजी, तुम्ही आता इथे असता का?" मीटरवाला बाहेरून म्हणाला. "जेवलात का?"

"जेवले हो," आतून उत्तर आलं. आवाज चांगला भरलेला होता, पोटभर जेवलेल्या माणसाचा. "माझं झालं. यांचंच राहिलंय..."